डोक्यातले ग्रहण सुटले पाहिजे!

७ सप्टेंबर २०२५ रोजी खग्रास चंद्रग्रहण होते. दिवस रविवारचा. सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरला तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे एक पेटता बल्ब, एक रबरी चेंडू आणि काडीला टोचलेली कणकेची गोळी ठेवली. म्हटले, हा सूर्य, ही पृथ्वी, हा चंद्र. आता ग्रहण लावून दाखवा! अर्धा तास खटपट झाली. गोळी कधी वर जाई, कधी खाली. शेवटी ती चेंडूच्या सावलीत शिरली. एका मुलीने विचारले, "मग यात राहू कुठे आहे?" शेजारचा मुलगा म्हणाला, "राहू नाहीच. ती आपलीच सावली आहे." आम्हाला एक शब्दही सांगावा लागला नाही.

कुणी म्हणेल, हा पोरखेळ आहे. पण ग्रहणाचे आणि आमचे नाते खेळाचे नव्हते. ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत आमच्या वाडवडिलांना दारोदार फिरावे लागे. सावली पडायची चंद्रावर आणि विटाळ मारला जायचा आमच्या माथी! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा देऊन या लाचारीचा धार्मिक आधारच उखडून टाकला. ज्यांच्या पणजोबांनी ती हाळी दिली, त्यांची पणतवंडे आज कणकेच्या गोळीने ग्रहण समजावून सांगतात. यापेक्षा मोठी धम्मक्रांती कोणती?

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रत्येक विहारात वंदनेनंतर तासभर मुलांच्या हाती पुठ्ठा, रद्दी, कात्री आणि खळ द्यावी. त्याला महागडे साहित्य लागत नाही. पृथ्वी वाटाण्याएवढी धरली, तर चंद्र मोहरीचा दाणा होतो आणि तो वीतभर अंतरावर ठेवावा लागतो. सूर्य जवळजवळ तीन फुटांचा करावा लागतो आणि तो ठेवायला ९० मीटरहून लांब, म्हणजे वस्तीच्या पार टोकाला जावे लागते. हे अंतर पायाने मोजलेले मूल ते जन्मभर विसरत नाही. ऐकीव किंवा परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, हेच तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-अ ने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. उड्डाणापूर्वी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जाणाऱ्या शास्त्रज्ञांनी या मुलांकडून ते शिकायला हरकत नाही!

या कामातून मुलांना आणखी एक गोष्ट मिळते. ती म्हणजे मनाची उभारी. कागदी अग्निबाण पहिल्या फेकीत नाक टेकतो. मूल रडकुंडीला येते. तेव्हा 'तुझ्या नशिबात नाही' म्हणायचे नाही. 'का पडला ते बघू' म्हणायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम चंद्रावर आदळले. चूक कुठे झाली ते शोधले गेले, नव्या यानाचे पाय मजबूत केले, इंधन वाढवले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ अलगद उतरले. कारण सापडले की उपायही सापडतो. दुःखाला कारण आहे आणि ते दूर करता येते, हा आमचा धम्मच आहे.

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. 'मुलांना कणखर बनवा' हा उपदेश अन्याय करणाऱ्यांच्या सोयीचा होता कामा नये. रोहित वेमुलालाही आकाशातल्या ताऱ्यांची ओढ होती. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे त्याचे स्वप्न होते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत तो गेला. त्याच्यात जिद्दीची उणीव होती काय? मुळीच नाही! उणीव होती ती न्यायाची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली आहे. वंचित गटातील बालकाशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी कलम ८ ने शासनावर टाकली आहे. जातीवरून टोमणा ऐकून घरी आलेल्या लेकराला 'सहन कर' सांगणारे पालक कायदा विसरतात. त्याला जवळ घ्या, आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार घेऊन शाळेत जा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

अग्निबाण पुन्हा उडवायला मुलाने शिकावे. त्याच्या वाटेतली भिंत पाडणे हे मात्र आपले काम आहे. येत्या रविवारी विहारात येताना घरातली रद्दी आणि एक पुठ्ठ्याचे खोके घेऊन या. आणि हो, लेकरांनाही आणा!

जयभीम!