पायवाट कोणाची?

अभयारण्य म्हटले की कुंपण, चौकी, पावती फाडणारा रखवालदार आणि आपल्याच रानात चोर ठरलेला गावकरी, हे चित्र आपल्या अंगवळणी पडले आहे. जंगल वाचवायचे तर माणूस हटवला पाहिजे, या गृहीतकावर इंग्रजांचे वनखाते उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरही त्याला फारसा धक्का लागला नाही. नागालँडमधील खोनोमा गावाने मात्र ते खोटे ठरवले.

कोहिमापासून सुमारे 20 किलोमीटरवरील अंगामी नागांच्या या गावात शिकार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. ट्रॅगोपान हा दुर्मिळ पक्षी त्यामुळे संकटात आला. 1998 साली गावाने स्वतःहून सुमारे 20 चौरस किलोमीटर वन राखून ठेवले आणि तेथे शिकारीला व वृक्षतोडीला बंदी केली. आज परगावचे लोक गावातल्याच वाटाड्यांबरोबर त्या पायवाटा तुडवतात. बंदुकीइतकेच रानाचे ज्ञान उपजीविका देऊ शकते, हे गावाला उमगले.

हे शक्य झाले ते मालकीमुळे. राज्यघटनेच्या 371-अ या अनुच्छेदाने नागालँडमध्ये जमीन व साधनसंपत्ती यांवरील रूढीसिद्ध हक्कांना संरक्षण दिले आहे. सामाईक संपत्तीचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडले. पुढे 2009 चे नोबेल मिळवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवून दिले की, नियम करणारे आणि ते पाळणारे एकच असतील तर सामाईक संपत्ती टिकते.

तथापि केवळ गौरवाने भागणार नाही. शिकार आणि लाकूडफाटा सोडण्याची झळ साऱ्या गावाला बसते. पाहुण्यांचे उत्पन्न मात्र ज्याच्या घरात जादा खोली आहे त्याच्याकडे प्रथम जाते. नागा ग्रामपरिषदा परंपरेने पुरुषांच्याच राहिल्या आहेत. सरपणाचा भारा वाहणाऱ्या स्त्रीला नियम करताना स्थान नसेल, तर ‘समुदाय’ हा शब्द अपुराच म्हणावा लागेल. समुदायाच्या नावाने चाललेली मूठभरांची सत्ता ही समाजवाद्यांना नोकरशाहीइतकीच अमान्य असली पाहिजे.

महाराष्ट्राची स्थिती निराळी आहे. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेले ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ खाजगी वा सामुदायिक जमिनीपुरतेच आहे. आपल्याकडील बहुतेक वनजमीन सरकारी. म्हणून येथील मार्ग 2006 च्या वनहक्क कायद्यातून जातो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळवून तो वहिवाटीस आणला.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. जेथे असा हक्क मान्य झाला आहे, तेथे पायवाट कोठून जावी, किती माणसे यावीत आणि कोणता ऋतू रानाला विसाव्यासाठी मोकळा ठेवावा, हे ग्रामसभेने ठरवावे. प्रवेशशुल्क तिच्या खात्यात जमा व्हावे, हिशेब भर सभेत वाचला जावा आणि वाटाड्याचे काम भूमिहीनांना प्रथम मिळावे. जंगल राखण्याचे कष्ट गावाने करायचे आणि गल्ला मात्र दुसऱ्याने मोजायचा, याला संरक्षण म्हणत नाहीत. ती जुनीच वेठ आहे.