तिजोरीतील रात्र

आयुष्यातली एकतीस वर्षे मी बँकेच्या तिजोरीची किल्ली सांभाळली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. दोन्ही लागल्याखेरीज दार उघडायचे नाही. निवृत्तीनंतर पुन्हा एका तिजोरीत, तेही रात्री एक वाजता आणि पदरचे पैसे भरून शिरण्याची पाळी येईल, असे कोणी म्हटले असते तर मी त्याला वेड्यातच काढले असते. पण तसे घडले खरे, आणि घडले तेही बर्लिनमध्ये!

आमची कन्या तिथे इंजिनिअर आहे. एके दिवशी तिचा फोन आला, "बाबा, मी नोकरी अर्धवेळ करून उरलेल्या वेळात डीजेचं काम करावं म्हणते. तुम्हाला काय वाटतं?" डीजे म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते ती विसर्जनाच्या मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत आणि थरथरणारी तावदाने. मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे ती लहानपणापासून जाणते. ते 'बघू' आठ महिने तसेच लोंबकळत राहिले. शेवटी मी बर्लिनला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "बघू म्हणाला होतात ना? मग चला, बघा!"

क्लबाचे नाव 'ट्रेझोर'. जर्मन भाषेत याचा अर्थच तिजोरी. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व भागातल्या कितीतरी इमारती बेवारशी पडल्या. वर्टहाइम नावाच्या जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरातली तिजोरी काही तरुणांच्या हाती लागली आणि १९९१ साली तिथे नाचगाणे सुरू झाले. २००५ साली ती जागा सोडावी लागली. २००७ पासून हा क्लब एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात आहे. पण जुने लोखंडी गज आणि गंजलेले लॉकर त्यांनी बरोबर आणले. हे टेक्नो संगीत मूळचे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे. ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनी १९८०च्या दशकात ते घडवले. २०२४ साली बर्लिनच्या टेक्नोला जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. ही सारी माहिती कन्येने वाटेत पुरवली. वकिली चालली आहे, हे मी ओळखले.

दारावर मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावली गेली. कन्येने माझ्या कानांत बोळे घातले. एका बोगद्यातून आम्ही आत शिरलो. अंधार, धूर आणि गजांआड उभी एक बाई! मला क्षणभर आमचा कॅशिअरचा पिंजराच आठवला.

पहिला अर्धा तास नुसती ठोकाठोक. मिनिटाला सुमारे १३० ठोके, सगळे सारखे. मी घड्याळ पाहू लागलो. मग सहज बाईंच्या हातांकडे लक्ष गेले. एक तबकडी सर्वांसाठी वाजत होती. दुसरी त्या एकट्याच एका कानाने ऐकत होत्या. बोटाच्या टोकाने तिची गती किंचित कमी-जास्त करीत होत्या. दोन्हींची लय जुळली, तेव्हाच दुसरी हळूच पहिलीत मिसळली. सांधा कुठे दिसेना.

माझी बोटे मांडीवर केव्हा मोजू लागली, मलाच कळले नाही. चार चारचे चार गट, सोळा मात्रा. हा तर सरळ आपला तीनताल! दोन-तीन आवर्तने झाली की काहीतरी बदले, तेही नेमके समेवर. मग बाईंनी खालचा घुमारा एकदम काढून घेतला. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, डग्गा गप्प होतो, अगदी तसे. आपली खाली चार मात्रांची. बाईंनी ती चांगली चार आवर्तने ताणली. सारी खोली श्वास रोखून उभी. आणि घुमारा परत आला तेव्हा माझ्या तोंडून "वाहवा!" निघून गेले. त्या गदारोळात ते कोणी ऐकले नाही, हे बरेच झाले.

पहाटे पाच वाजता भुयारी रेल्वेत बसल्यावर कन्येने विचारले, "कसं वाटलं?"

"खाली जरा लांबवली बाईंनी. पण समेवर बरोबर आल्या."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "बाबा, तुम्हाला तबला येतो?"

चार वर्षे शिकलो होतो. बँकेत लागलो, तेव्हा तबला माळ्यावर गेला. संध्याकाळी शिकवणी चालू ठेवू का, असे वडिलांना विचारले होते. ते म्हणाले होते, "बघू." हे मी घरात कधी कुणाला सांगितले नव्हते. त्या पहाटे सांगितले.

दोन स्थानके आम्ही काही बोललो नाही. मग मी विचारले, "अर्ध्या पगारात घरभाडं भागतं का गं? आकडे काय आहेत, सांग बघू."

ती हसली. बाबा हिशेब विचारू लागले म्हणजे त्यांचे 'बघू' संपले, हेही ती लहानपणापासून जाणते.