विलायतेची पदवी आणि येथील सनद

धानाचा चुकारा अजून हातीं पडला नाहीं, तेथें विलायतेंत कायदा शिकून आलेल्यांच्या परीक्षेशीं आमचें काय देणेंघेणें, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. देणेंघेणें आहे, आणि तें जवळचें आहे. बांधाचा तंटा असो, मालगुजारी तलावाच्या पाळीवरचें अतिक्रमण असो, धीवरांच्या मासेमारीचा हक्क असो, कीं देवरी-सालेकशाकडील गोंड बांधवांचा २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचा दावा असो. यांतलें बरेंच कांहीं शेवटीं गोंदियाच्या कोर्टांत आणि तेथून नागपूरच्या खंडपीठांत जाऊन पोहोंचतें. तेथें आमची बाजू मांडणारा काळा कोट कोणाच्या अंगावर चढावा हें ज्या नियमांनीं ठरतें, ते नियम कुणब्या-पोवारांच्या, कोष्ट्या-सुतारांच्या घरांनींहि समजून घेतले पाहिजेत.

आधीं नियम काय आहे तो पाहूं. १९६१ च्या अॅडव्होकेट कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणें परदेशी विद्यापीठाची कायद्याची पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियानें मान्य केलेली असेल, तरच ती सनदेस चालते. २००८ चे कायदा-शिक्षणाचे नियम सांगतात कीं, आधीं पदवीधर होऊन गेलेल्यानें निदान तीन वर्षें आणि बारावीनंतर थेट गेलेल्यानें निदान पांच वर्षें तो अभ्यास केलेला असावा. इंग्लंडांत बारावीनंतरची एल्‌एल. बी. तीन वर्षांत संपते. गाडें अडतें तें येथें. अशा मुलास घरीं परतल्यावर दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम करावयास सांगितलें जातें. त्यापुढें परदेशी पदवीधरांसाठीं असलेली वेगळी पात्रता परीक्षा, ती झाल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, आणि सनदेनंतर दोन वर्षांच्या आंत सर्वांनाच द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा. ही शेवटची परीक्षा घेण्याचा कौन्सिलचा अधिकार सुप्रीम कोर्टाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें २०२३ सालीं मान्य केला आहे.

परीक्षा असावी, असेंच आमचें मत आहे. लंडनच्या वर्गांत सातबाऱ्याचा उतारा वाचावयास शिकवीत नाहींत, कीं फेरफार आणि कुळकायदा समजावून सांगत नाहींत. ज्याच्या हातीं आमचें शेत आणि आमचें घर सोंपवावयाचें, त्यास या देशाचा कायदा येतो कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे. इंग्रजी अमदानींत तसें पाहिलें जात नव्हतें. विलायतेंतील इन्समध्यें ठराविक सत्रें भरून, तेथील पंगतीस बसून आलेला बॅरिस्टर मुंबईच्या हायकोर्टांत मानानें उभा राही, आणि येथल्या मातींत वाढलेला, येथलाच कायदा पाठ असलेला जिल्हा वकील त्याच्या खालचा मानला जाई. बॅरिस्टरीस पैसा लागे आणि पैसा ज्या घरांत होता, मान त्याच घरांत गेला. ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्यास केवळ त्या पदवीवर सनद मिळण्याची सोय कायद्यानें बंद केली. हें योग्यच झालें. जन्माची मिरास आम्हांस नको, तशी बोटीच्या तिकिटाची मिरासहि नको.

परंतु नाण्याची दुसरी बाजू आहे. विलायतेस सारेच सावकाराचे पोर जात नाहींत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ सालीं ग्रेज इन येथें नांव घातलें. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरली म्हणून १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. पैसे सांचवून आणि शाहू छत्रपतींची मदत घेऊन ते १९२० सालीं पुन्हां गेले, आणि बॅरिस्टर होऊन १९२३ सालीं मुंबईस आले. १९५४ सालीं ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले ते आपल्याच भंडारा मतदारसंघांतून. त्या वेळीं गोंदिया भंडारा जिल्ह्यांतच होता. आपल्या लोकांनीं त्यांना निवडून दिलें नाहीं, ही गोष्ट वेगळी. पापळच्या शेतकरी घरांतले पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथें शिकून, बॅरिस्टर होऊन वऱ्हाडांत परतले आणि १९३२ सालीं त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. या दोघांना परतल्यावर आणखी दोन वर्षें थांबा असें कोणीं सांगितलें असतें, तर त्यांच्या घरीं चूल कशानें पेटली असती?

आज महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नांवानें परदेशी शिष्यवृत्ती देतें; ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठींहि तशी योजना आहे. त्या बळावर आमचीं पोरें जाऊं लागलीं आहेत. श्रीमंताच्या मुलास दोन वर्षें जादा लागलीं, तर तो बापाच्या पैशावर बसून खातो. आमच्या मुलाचीं तीं दोन वर्षें म्हणजे गहाण पडलेलें शेत आणि बहिणीचें लांबलेलें लग्न. नियम दोघांना एकच, पण त्याचा भार दोघांवर एकसारखा पडत नाहीं. त्यांत परदेशीं पाठविणारे दलाल गुळगुळीत कागदावर विद्यापीठाचें चित्र दाखवितात. ती पदवी येथें चालते कीं नाहीं, हें मात्र सांगत नाहींत.

बाहेरच्या जगांतली रीतहि पाहावी. इंग्लंडांत २०२१ पासून सॉलिसिटर होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं एकच सामाईक परीक्षा आहे. पदवी कोणत्या देशाची यावर तेथें दार बंद होत नाहीं; परीक्षा उतरावी आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा. न्यूयॉर्क राज्यांत परदेशीं कायदा शिकलेल्यास, तेथील अटी पुऱ्या करून एक वर्षाची एल्‌एल. एम्. केल्यावर, बारच्या परीक्षेस बसतां येतें. त्यांचें सारेंच चांगलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण उमेदवारानें किती वर्षें वर्गांत काढलीं यापेक्षां त्यास काय येतें, हें विचारणें अधिक न्यायाचें आहे.

शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत अस्पृश्य गणलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, आणि सनद ही कोणा एका जातीचें वतन नव्हे हें कृतीनें दाखविलें. आम्ही आज ज्ञानांत सूट मागत नाहीं. आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणती परदेशी पदवी मान्य आहे, याची यादी मराठींत छापून जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरींत लावावी, आणि कायद्याच्या शिष्यवृत्तीस मंजुरी देण्यापूर्वीं ती मुलाच्या व पालकाच्या हातीं द्यावी. पात्रता परीक्षेच्या तारखा वर्षारंभींच जाहीर कराव्या आणि पाळाव्या. पूरक अभ्यास जर करावयाचाच असेल, तर शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलाचा तो खर्च त्याच शिष्यवृत्तींतून व्हावा. मागितल्यावांचून कांहीं मिळत नाहीं, पण मागितल्यानें मिळतें. राज्यांच्या बार कौन्सिलें सनदेसाठीं हजारों रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, कायद्यांत लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षां, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षां, अधिक घेतां येणार नाहीं. तो निकालहि कोणीं तरी दाद मागितली म्हणूनच लागला.

सरकार हालेपर्यंत आईबापांनीं मात्र डोळे उघडे ठेवावेत. मुलगा असो वा मुलगी, वकिलीच करावयाची असेल तर कायद्याची पहिली पदवी येथेंच घ्यावी, सनद मिळवावी, आणि मग शिष्यवृत्ती साधून वरच्या शिक्षणास परदेशीं खुशाल जावें. या वाटेंत वर्षें वायां जात नाहींत. पहिलीच पदवी बाहेरून घ्यावयाची असेल, तर ती मान्य आहे असा बार कौन्सिलचा लेखी कागद हातीं आल्याखेरीज दलालास एक रुपया देऊं नये आणि सातबाऱ्यावर बोजा चढवूं नये. बियाणें घेतांना आपण पिशवीवरचा शिक्का पाहतों, तोंडच्या शब्दावर विसंबत नाहीं. पोराच्या आयुष्याचीं पांच वर्षें बियाण्याच्या पिशवीहून स्वस्त नाहींत.