गिदोनाची लोकर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय तृतीयेच्या सायंकाळी तेथे शेतात घट मांडतात. भोवताली अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे धान्य किती हलले, ढेकळे किती भिजली, ते पाहून पाऊसपाणी सांगतात. ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात.

आम्ही ख्रिस्ती माणसे या प्रकाराला हसतो. (भाकिते चुकतात, तेव्हा हसायला हरकत नाही.) पण हसून झाल्यावर शास्त्यांच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढावा. गिदोन रात्री खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो की, दव लोकरीवरच पडू दे, भुई कोरडी राहू दे. पहाटे लोकर पिळून वाटीभर पाणी निघाले. तरी गड्याचे समाधान नाही! दुसऱ्या रात्री नेमके उलटे मागणे. देव रागावला नाही, तेही दिले.

गिदोनही शेतकरीच. मिद्यानी लोक पीक लुटून नेत, म्हणून द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा. उधारीवर बियाणे आणून मृगाकडे डोळे लावणारा आमचा माणूस त्याला परका वाटला नसता. आणि खुणा मिळूनही गिदोनाची धास्ती सरली कोठे? बत्तीस हजारांतली तीनशेच माणसे घेऊन त्याला लढाईला जावे लागले.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेवढ्याने शंका मिटल्या असे आपण धरून चालतो. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांचा तिथल्या वडीलधाऱ्यांशी पत्रांतून वाद चाले. त्यांना तो बाईंचा हेकटपणा वाटे. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी सांगितले की, धर्म तेव्हा सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. मला विशेष वाटते ते हे की, मुंबईत १८८९ मध्ये त्यांनी शारदासदन उघडले, ते याच आठ वर्षांत. मन निश्चिंत होईपर्यंत विधवा मुलींना त्यांनी ताटकळत ठेवले नाही.

आमच्याकडे उपासनेनंतर एखादा कॉलेजातला मुलगा शंका काढतो. ‘प्रार्थना वाढव’ म्हणून त्याला गप्प बसवतात. अशा मुलाला येत्या अक्षय तृतीयेला भेंडवळास नेण्याचा माझा बेत आहे. पहाटेचे भाकीत ऐकू, आणि परतताना एस.टी.त तो सहावा अध्याय त्यालाच मोठ्याने वाचायला लावीन.