जखमेवरचा लाल प्रकाश
१९६७ साली बुडापेस्टमध्ये डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर मंद रुबी लेसर सोडला आणि तिथले केस लवकर उगवले. पुढे तोच प्रकाश त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर वापरला. मधुमेहीची जखमही अशीच न भरता चिघळते, त्यामागे मंदावलेला रक्तपुरवठा, बधिर नसा आणि जंतुसंसर्ग असतोच. शिवाय वाढलेल्या साखरेमुळे पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू साचतात आणि दुरुस्ती रखडते. लाल प्रकाश मायटोकॉन्ड्रियातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती सुधारते, असे मानले जाते. गंमत अशी, की मात्रा वाढवली तर फायदा उलटतो. लेसर यंत्रांच्या जाहिराती हे कशाला सांगतील? या अंकातला मुख्य लेख म्हणूनच मात्रेपाशी रेंगाळतो. ड्रेसिंग, साखरेवर ताबा आणि पायावरचा भार हलका करणे, यांना मात्र लेसर हा पर्याय नाही.