पेशी म्हणजे कोर्टाची तारीख?

उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठीचा तास घेत होतो. धड्यात 'पेशी' हा शब्द आला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पेशी तो कोर्ट में होती ना?" वर्ग हसला, मुलगा खजील होऊन खाली बसला. विज्ञानाच्या तासाला तो जिला 'खलिया' म्हणतो तीच ही पेशी, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याला ज्ञान होते, फक्त शब्द जुळत नव्हता.

ही अडचण शास्त्रज्ञांनाही आली आहे. पेशीत एक रेणू दुसऱ्याला चालना देतो, तिसऱ्याला रोखतो. या साखळीला 'पाथवे' म्हणतात. कर्करोग, मधुमेह समजायला या साखळ्या लागतात. पण जपानच्या 'केग'मध्ये त्यांची माहिती एका साच्यात, 'रिअ‍ॅक्टोम'मध्ये दुसऱ्या. एकाच प्रथिनाला अनेक नावे, आकृतीतल्या बाणाचा अर्थही प्रत्येकाचा निराळा. म्हणून २००१मध्ये गणिती प्रतिमानांसाठी एसबीएमएल, पुढे माहितीच्या देवाणघेवाणीसाठी बायोपॅक्स आणि २००९मध्ये आकृत्यांसाठी एसबीजीएन अशा सामाईक पद्धती आल्या.

गंमत म्हणजे 'मार्च-१' नावाच्या जनुकाला एक्सेल तारीख समजत असे. २०१६च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका सापडल्या. शेवटी नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. म्हणजे संगणकानेही आमच्या मुलासारखीच तारीख ऐकली! फरक एवढाच, तिथे कुणी हसून सोडून दिले नाही.

सामाईक प्रमाण म्हणजे कुणाची भाषा पुसणे नव्हे. बायोपॅक्सने कोणत्याही संग्रहाला बंद व्हायला सांगितले नाही, फक्त एकमेकांचे समजेल असा साचा दिला. आपण मात्र उर्दू की मराठी यावर भांडतो आणि दहावीनंतर मुले मधल्या मध्ये अडकतात. मराठीचे नाव काढताच उर्दू धोक्यात आली म्हणणारे आपले लोकही यात आलेच.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उर्दू शाळेत विज्ञानाच्या शब्दांचा उर्दू-मराठी-इंग्रजी तक्ता हवा, आणि तो विज्ञान व भाषा शिक्षकांनी एकत्र बसून करावा. रिअ‍ॅक्टोम, विकिपाथवेज आज सगळ्यांना फुकट खुले आहेत. शब्दाला अडून आमची मुले तिथवर पोहोचलीच नाहीत, तर दोष आपलाच.

माझ्या वर्गात तक्ता सोमवारी लागतोय. पहिला शब्द पेशी. लिहिणार तोच मुलगा.