अकरा रिव्ह्यूंचं क्लिनिक

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, कर्वे रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर तिचं छोटंसं क्लिनिक आहे. म्हणाली, "अरे तू कॉम्प्युटरवाला ना, मग माझं ते गूगलचं काहीतरी बघ की." आमच्याकडे कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटरपासून पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत सगळ्याला जबाबदार, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

'ते काहीतरी' म्हणजे रिव्ह्यू. पंधरा वर्षं प्रॅक्टिस करून तिचे रिव्ह्यू होते अकरा. जवळच नुकत्याच उघडलेल्या एका सेंटरचे चारशेच्या वर, आणि जवळजवळ सगळे पाच तारे. अकरातला एक होता, "जिना अरुंद, पार्किंगची बोंब, पण आत शांत आहे." आणि एकाने एक तारा ठेवून लिहिलं होतं, "नुसते पैसे काढतात." शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तोच दिसायचा.

म्हटलं, एवढंच ना? शनिवारी बसलो आणि संध्याकाळपर्यंत स्क्रिप्ट तयार. अपॉइंटमेंट संपली की दोन तासांनी व्हॉट्सॅपवर मेसेज जाणार, "आमच्याकडे आल्याबद्दल धन्यवाद, आपला अनुभव दोन ओळींत लिहाल का?" खाली लिंक. एका मित्राच्या गॅरेजला हेच करून दिलं होतं, तिथे मस्त चाललं होतं. ताईनेही फार विचार न करता हो म्हटलं.

चौथ्या दिवशी तिचा फोन. "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

झालं होतं असं, की एका क्लायंटच्या घरी कुणीतरी त्यांच्या फोनवर लग्नाचे फोटो बघत होतं आणि वरून मेसेज टपकला, क्लिनिकच्या नावासकट. घरी यातलं काही माहीत नव्हतं. ताईने मला यापलीकडे काही सांगितलं नाही. नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त ती व्यक्ती पुन्हा आली नाही, एवढं नंतर एकदा बोलता बोलता म्हणाली.

त्या रात्री स्क्रिप्ट बंद करताना एक फाइल दिसली. टेस्टिंगसाठी म्हणून ताईच्या रिसेप्शनवरून घेतलेली शीट, नावं आणि मोबाइल नंबर, साठ-सत्तर माणसं. ती माझ्या लॅपटॉपवर होती आणि बॅकअप चालू असल्यामुळे क्लाउडवरही. ऑफिसात कस्टमरचा डेटा कुणी असा घरी नेला तर मी सगळ्यात आधी ओरडलो असतो. इथे मात्र 'घरचंच काम' म्हणून डोक्यातही आलं नाही. दोन्हीकडून उडवली. पण आपण काय करून ठेवलं होतं हे कळल्यावर झोप लागेना.

मंडळी, मुद्दा असा आहे की गॅरेजचं गिऱ्हाईक 'मी इथे गेलो होतो' हे कुणालाही सांगू शकतं. मानसोपचार, वंध्यत्वाचे उपचार, घटस्फोटाचे वकील, व्यसनमुक्ती, कर्ज थकल्यावरचा सल्ला, या ठिकाणी 'मी गेलो होतो' हेच मुळात गुपित असतं. रिव्ह्यूत पाच तारे द्या नाहीतर एक, गुपित पहिल्या शब्दाआधीच फुटलेलं असतं.

"मग टोपणनावाने लिहा की," असं आम्हा इंजिनिअर लोकांचं ठरलेलं उत्तर. त्यावर नेटफ्लिक्सची गोष्ट आठवावी. २००६ मध्ये त्यांनी स्पर्धेसाठी सुमारे पाच लाख ग्राहकांची रेटिंग्ज नावं काढून जाहीर केली. २००८ मध्ये अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या दोघांनी पेपर लिहून दाखवून दिलं, की एखाद्याची आठ रेटिंग्ज माहीत असतील, त्यातली दोन साफ चुकलेली असली आणि तारखा दोन आठवड्यांनी इकडेतिकडे असल्या, तरी ९९ टक्के नोंदी एकमेवपणे ओळखता येतात. शेवटी २०१० मध्ये नेटफ्लिक्सने पुढची स्पर्धा रद्द केली. आता तुमचं गूगलचं खातं बघा. सोसायटीचा रिव्ह्यू, मुलीच्या शाळेचा, कोपऱ्यावरच्या मिसळीचा, आणि त्याच रांगेत मानसोपचाराचा. नाव 'पुणेकर ४२' ठेवा नाहीतर आणखी काही, शेजारच्या काकूंना अर्धा तास पुरे.

बनावट रिव्ह्यूंवर उपाय म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे ना हे साइटने तपासावं, अशी त्यात अपेक्षा आहे. हॉटेल, मिक्सर, बूट यांच्यासाठी उत्तम. पण इथे 'हो, हा आमचाच क्लायंट' असा दुजोरा द्यायचा कुणी? क्लिनिकने दिला तर तोच गोपनीयतेचा भंग.

त्या एक तारेवाल्याला उत्तर देता येत नाही ते यामुळेच. ताईच्या जागी मी असतो तर "अहो, तुम्ही दोनदाच आलात आणि मध्येच सोडलंत" असं तावातावाने लिहून मोकळा झालो असतो. अमेरिकेत हे महागात पडलंय. डॅलसच्या एका दंतवैद्यक प्रॅक्टिसने येल्पवर उत्तर देताना पेशंटची माहिती उघड केली, तिला २०१९ मध्ये दहा हजार डॉलर भरावे लागले. न्यू जर्सीत मानसोपचार देणाऱ्या एका केंद्राने गूगलवरच्या वाईट रिव्ह्यूंना तशीच उत्तरं दिली. तिथे २०२३ मध्ये तीस हजार. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये पेशंटचा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे पेशंटने चव्हाट्यावर काहीही बोलावं आणि डॉक्टरने गप्प बसावं. एकतर्फी आहे खरं. पण मला ते बरोबरच वाटतं. हक्क त्याचा आहे, तिचा नाही.

आणि मुळात मागायचं तरी कसं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत ५.०५ क्रमांकाचा नियमच आहे, की थेरपी चालू असलेल्या क्लायंटकडे शिफारस मागायची नाही. सुरुवातीला मला हे अति वाटलं होतं. ताई म्हणाली, "अरे, जो माणूस आईला नाही म्हणता येत नाही म्हणून माझ्याकडे येतो, तो मला नाही म्हणेल?" यावर काय बोलणार!

मग आम्ही काय केलं? फार काही नाही. वेबसाइटवर फी लिहिली (ही बाकी फारसं कुणी लिहीत नाही, का कोण जाणे), शिक्षण, आरसीआयचा नोंदणी क्रमांक, पहिल्या सेशनमध्ये नेमकं काय होतं, वेटिंग रूममध्ये एका वेळी किती जण असतात, जिना अरुंद आहे हेसुद्धा. ज्या शाळांमध्ये तिने शिक्षकांची वर्कशॉप्स घेतली तिथल्या मुख्याध्यापकांना आणि पेशंट पाठवणाऱ्या दोन फॅमिली डॉक्टरांना, वाटलं तर नावानिशी लिहा, असं सांगितलं. ते तिचे क्लायंट नव्हेत, लपवायचं काही नाही. एक तारेवाल्याखाली कुणालाही लागू पडेल अशी एकच ओळ, "आम्ही कोणाच्याही भेटीबद्दल इथे बोलत नाही, तक्रार असल्यास क्लिनिकला फोन करावा." वर्ष होत आलं, आकडा अकरावरून सोळावर गेलाय. चारशेवालं सेंटर आहे तिथेच आहे. ताईला धंद्याची थोडी चिंता आहेच, नाही असं नाही.

आता इतकं लिहिलंय तर हेही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी मला झोप येईनाशी झाली होती, छातीत धडधड, ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडीत नुसता बसून राहायचो. एका मानसोपचारतज्ज्ञांकडे आठ महिने गेलो. उत्तम माणूस. बरा झाल्यावर त्यांना पाच तारे द्यायचे म्हणून तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोण काय शोधून काढेल सांगता येत नाही. ताईलाही आजवर सांगितलं नव्हतं, आता वाचेल तेव्हा कळेल.

गेल्या महिन्यात पॅन्ट्रीत सगळे निघून गेल्यावर टीममधला एकजण मागे रेंगाळला. चहाचा कप दोनदा धुतला. मग म्हणाला, "तुला कोणी चांगला सायकियाट्रिस्ट माहितीये का रे? माझ्या एका मित्रासाठी."

मी नंबर दिला. गाडी कुठे लावायची तेही सांगितलं.